ओलं म्हणायचं नाही

माझे भावोजी रंगारी आहेत. चित्रं काढणारे नव्हेत, घरं रंगवणारे. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती, दारं, खिडक्यांचे गज रंगवले आणि स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तेलकट डाग मात्र अकरा वर्षं जसाच्या तसा सांभाळला. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्या डागाबद्दल बोलणं सोडून दिलंय. असं ती रोज सांगते.

मी त्यांच्याच घरात, वरच्या खोलीत राहते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि माझं तोंड फटकळ आहे हे मला कुणी सांगायला नको. गल्लीतली निम्मी माणसं माझी बोलणी खाऊन मोठी झाली आहेत. ती मला 'बाई' म्हणतात, म्हणून भावोजीही 'बाई'च म्हणतात.

भावोजींच्या कामाची तऱ्हा आधी सांगते. कुठलंही घर रंगवायला घेतलं की पहिल्या दिवशी ते ब्रशला हात लावत नाहीत. एक रिकामा डबा पालथा घालतात, त्यावर बसतात आणि भिंतीकडे बघतात. ओल कुठे आहे, पोपडे कुठे सुटलेत, आधीच्या रंगाऱ्याने कुठे घाई केली, हे सगळं त्यांना बसल्या जागी दिसतं म्हणे. घरमालक चहा घेऊन येतो, हे बसलेले. घरमालक जेवून येतो, हे बसलेलेच. शेवटी त्याचा धीर सुटतो तेव्हा भावोजी उठून म्हणतात, "उद्या खरवडायला घेतो." मग खरवडणं, घासणं, भोकं बुजवणं, आणि मग कुठे रंगाचा पहिला हात. तो खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा हात नाही, मग घरमालक डोकं आपटून घेवो. एवढं होऊनही लोक त्यांनाच बोलावतात, कारण त्यांनी रंगवलेली भिंत दहा वर्षं तोंड वर करून उभी राहते.

पुट्टी आमच्याकडे आली ती चार वर्षांपूर्वी. भावोजी एक रिकामं झालेलं घर रंगवायला गेले होते. घर सोडून गेलेल्या लोकांनी दाराच्या मुठीसुद्धा काढून नेल्या होत्या, पण एक पिल्लू न्यायला विसरले होते. किंवा विसरल्यासारखं केलं होतं. पांढरंशुभ्र, लोकरीच्या गुंड्याएवढं. भोकं बुजवायच्या पुट्टीची पिशवी कोपऱ्यात होती, तिच्यावर ते झोपलेलं. भावोजींनी तिथल्या तिथे नाव ठेवलं आणि संध्याकाळी तिला शर्टात घालून घरी आणलं.

"कुत्रं घरात आलं तर मी घरातून जाईन," ताई म्हणाली.

आठवड्याभरात पुट्टी ताईच्या उशीवर झोपायला लागली. ताई कुठे गेली नाही.

पण त्याच आठवड्यात दाराचा प्रकार घडला. एका गिऱ्हाइकाचं दार भावोजींनी मागच्या अंगणात ऑइल पेंट मारून वाळत उभं केलं होतं. गडद हिरवं. पुट्टीला नेमकी तिथेच पाठ घासायची हुक्की आली. अर्धी पुट्टी हिरवी झाली आणि अर्ध्या दाराला केस आले. ताईने कात्री घेऊन तिचे केस कापले, भावोजींनी दार पुन्हा खरवडलं, आणि घरात कायदा झाला: ज्याच्या हातात ब्रश असेल त्याने पुट्टी जवळ येताना दिसली की ब्रश झटकायचा आणि "ओलं!" म्हणून ओरडायचं. भावोजी ओरडायचे, ताई ओरडायची. मीही ओरडले. माझा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे जायचा, हे लक्षात घ्या.

पुट्टी हुशार. महिन्याभरात तिला एवढं कळलं, की ब्रश दिसला की पलंगाखाली जायचं. भावोजींना त्याचं भारी कौतुक. पाहुणे आले की म्हणायचे, "गंमत दाखवू?" आणि खिशातून ब्रश काढायचे. पुट्टी बाणासारखी सुटायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. पुढेपुढे तिला कुठलाच ब्रश चालेना. कपड्यांचा नाही, बुटांचा नाही. दात घासायलासुद्धा भावोजी दार लावून घ्यायचे. चार वर्षं आम्ही तिघांनी मिळून त्या जिवाला एकच धडा शिकवला आणि ती त्यात पहिल्या नंबराने पास झाली.

तिचे केस विंचरायला हवेत, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती झोपेत असताना ताई अधूनमधून वरवर कात्री चालवायची, तेवढंच. वरून पुट्टी गुबगुबीत दिसायची, आणि आम्ही म्हणायचो, बाळसं धरलंय. मग एक दिवस ती लंगडायला लागली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी पुट्टीच्या अंगावरून बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे बाळसं नाही. गुंते आहेत. कानामागे, पोटाखाली, काखेत. आतली कातडी ओढली जाऊन लाल झालीय." त्यांनी केस कापायचं यंत्र सुरू केलं मात्र, पुट्टी अशी काही थरथरली की तिची जीभ निळसर पडली. बाईंनी यंत्र बंद केलं, नळ्या कानात घालून तिची छाती ऐकली आणि पुन्हा ऐकली.

"हिच्या हृदयात आवाज आहे," त्या म्हणाल्या. "भूल देऊन सगळे केस काढता येतील, पण अशा हृदयाला भूल द्यायला मन धजत नाही. तीन आठवडे थांबते. तेवढ्यात तिने तुमच्याकडून ब्रश करून घेतला आणि गाठी सुटल्या तर उत्तम. नाहीतर मात्र भूल द्यावी लागेल. कातडी जास्त दिवस तशी ठेवता येणार नाही."

येताना भावोजींनी कुत्र्यांचा मऊ ब्रश घेतला.

पहिला प्रयत्न ताईने केला. तिची पद्धत सोपी: धरायचं आणि करायचं. तिने पुट्टीला बगलेत मारलं, ब्रश उचलला आणि पुढच्या क्षणी ताईचा अंगठा, पुट्टीचे दात आणि कपाटाखाली गेलेला ब्रश अशी तीन दिशांना पांगापांग झाली. चार वर्षांत पुट्टी पहिल्यांदा चावली होती. अंगठ्यापेक्षा ताईला त्याचंच जास्त लागलं.

"सरका," मी म्हणाले. "शिस्त हवी." चौथीच्या पन्नास पोरांना नुसत्या नजरेने खाली बसवणारी मी. पुट्टीसमोर ताठ उभी राहिले, बोट दाखवलं आणि म्हणाले, "बस!" पुट्टी बसली. मी ब्रश पुढे केला. पुट्टीने माझ्या डोळ्यांत बघत माझ्या पायावर शू केली.

भावोजी हसले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली. त्यांनी बाहेर जाऊन रंगाचा रिकामा डबा आणला, पलंगासमोर पालथा घातला आणि त्यावर बसले.

"हे काय आता?" ताई म्हणाली.

"बघतोय."

"अहो, भिंत आहे का ती?"

"भिंतीला निदान पळता येत नाही," भावोजी म्हणाले आणि दुपारभर पलंगाखाली बघत बसले. संध्याकाळी उठून त्यांनी निकाल दिला. "जुना थर घट्ट बसलाय. तो काढल्याशिवाय वर काही धरणार नाही. आजपासून या घरात कुणी 'ओलं' म्हणायचं नाही."

बोलायला सोपं होतं. पण आपण दिवसातून कितीदा तो शब्द वापरतो हे तो बंद झाल्यावर कळतं. ताईची अर्धी वाक्यं अडकायला लागली. "अहो, पलंगावरचा तो... तो न वाळलेला टॉवेल उचला!" फरशी पुसून झाली की ती दारात उभी राहून नुसते हातवारे करायची, आणि आम्ही न कळून पाय ठेवायचो. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात घसरून आपटले आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला. पुट्टी पलंगाखाली. भावोजींनी मला उठवायच्या आधी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत मी पोरांकडे कसं बघत असेन ते मला समजलं.

त्यांनी कामावरचे सगळे ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली कामातल्या जोडीदाराकडे पाठवून दिली. एका मोठ्या घराचं काम हातात होतं, तेही त्याच्यावर सोडलं. स्वयंपाकघरात त्या डागाशेजारी पेन्सिलीने वेळापत्रक लिहिलं. पहिला दिवस: ब्रश जमिनीवर नुसता ठेवणे. दुसरा दिवस: तसाच ठेवणे. तिसरा दिवस: तसाच.

"आणि चौथ्या दिवशी?" मी विचारलं.

"वाळलं का बघू."

"एकवीस दिवस आहेत हातात," ताई कडाडली, "आणि तुम्ही कुत्र्याला वाळत घालताय!"

पण हळूहळू फरक पडत गेला. ब्रश खोलीच्या मधोमध पडून राहायचा. त्याच्याशेजारी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी पुट्टी फक्त आम्ही जेवायला गेल्यावर तो खायची. मग आमच्यादेखत. मग तुकडा ब्रशच्या पाठीवर. एका तुकड्यामागे दोन तुकडे भावोजी स्वतः खायचे, तिला संशय येऊ नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. आठव्या दिवशी ब्रशची पाठ तिच्या खांद्याला टेकली आणि ती पळाली नाही. ताईने तोंडात पदर कोंबला, नाहीतर आनंदाने ओरडली असती.

अकराव्या दिवशी पहिला खरा हात. भावोजी डब्यावर बसले, पुट्टी पुढ्यात. मानेपासून शेपटीपर्यंत त्यांनी ब्रश इतका हलका ओढला की केसांनाही पत्ता लागला नसेल. पुट्टी उभी राहिली. आम्ही दोघी श्वास धरून. आणि दुसऱ्याच क्षणी ती सुटली ती पलंगाखाली.

बाराव्या दिवशी तेच. तेराव्या दिवशी तेच. एक हात निमूट घ्यायची आणि मग पळायची. भावोजींचं जेवण तुटलं. "पहिला हात धरतच नाही," एवढंच म्हणायचे.

चौदाव्या दिवशी मी ठरवलं, आज पुट्टीकडे बघायचं नाही. परीक्षेत कॉपी पकडायची तर पेपरकडे बघून उपयोग नसतो, कोपरांकडे बघावं लागतं. मी भावोजींकडे बघत बसले. त्यांनी ब्रश ओढला. मग उठले, दोन पावलं मागे सरकले, मान वाकडी केली आणि एक डोळा बारीक करून पुट्टीच्या पाठीकडे पाहिलं. पुट्टी पळाली.

"भावोजी, तुम्ही मागे का सरकता?"

"कोण, मी?"

"मग काय मी?"

"मी कुठे सरकलो?"

डबा तिकडे होता आणि भावोजी कपाटाला टेकलेले होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "लांबून बघितल्याशिवाय काम कसं कळणार?" ते हळूच म्हणाले.

"अहो, तुम्ही भाजीत मीठ घातलं तरी दोन पावलं मागे जाऊन बघता!" ताई म्हणाली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षं तेच चाललं होतं. भावोजी हात मारायचे, मागे सरकून बघायचे, आणि मागे सरकलं की त्यांना कोपऱ्यातली पुट्टी दिसायची. मग ब्रश झटकणं आणि आरोळी. आम्ही आरोळी काढून टाकली होती, पण तिच्या आधीची घंटा रोज वाजत होती.

सवय वाईट. पंधराव्या दिवशी भावोजींनी मनाशी पक्कं ठरवलं, ओठ आवळले, आणि हात मारून झाल्यावर कंबरेपासून वरचे तेवढे मागे गेले. डब्यावरून पडले. सोळाव्या दिवशी ताईने मागून त्यांची कॉलर धरून ठेवली. पुट्टीला वाटलं भांडण जुंपलंय, ती भुंकायला लागली. शेवटी मीच म्हणाले, "जमिनीवर बसा. पाठ भिंतीला लावून. बघू कुठे सरकता ते."

छत्तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून काढलेला माणूस भिंतीला पाठ टेकून बसला. पुट्टी जवळ आली. एक हात. भावोजींची पाठ भिंतीवर दाबली गेली, मान वाकडी झाली, पण अंतर काही वाढलं नाही. पुट्टीने वाट पाहिली. काहीच झालं नाही, तेव्हा तिने त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवली.

"काय केलंय ते दिसत नाही मला," भावोजी कुजबुजले.

"दिसायला नकोच," मी म्हणाले. "चालू ठेवा."

पुढचे चार दिवस ते त्या भिंतीपासून फक्त जेवायला आणि झोपायला उठले. नऊ गाठी होत्या. विजेच्या बटणाभोवती रंगवताना जशी बोटं जपून चालवतात तशी त्यांनी चालवली: कातडी ओढली जाऊ नये म्हणून गाठ मुळाशी दोन बोटांत धरायची, टोकाकडून थोडेथोडे केस मोकळे करायचे, पुट्टी गुरगुरली की थांबायचं. तेवढ्यानेही ताईचा जीव खालीवर व्हायचा. विसाव्या दिवशी दुपारपर्यंत आठ गाठी सुटल्या. नववी उरली. डाव्या काखेत, अक्रोडाएवढी आणि तितकीच कडक. तिला हात लागला की पुट्टी कळवळायची.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय," ताई म्हणाली. "मी धरते, तुम्ही कापा. मिनिटाचं काम."

"नाही."

"अहो, पण उद्या..."

"नाही म्हणतोय ना!" भावोजी ताईवर कधी ओरडत नाहीत. पुट्टी दचकली, तसा त्यांनी आवाज खाली आणला आणि मान खाली घालून बोलत राहिले. "आज जबरदस्ती केली तर ती पुन्हा पलंगाखाली जाईल. आणि उद्या तिथे सुई टोचली, झोपली आणि उठलीच नाही तर? मला भीती वाटते गं. मीच केलंय हे. पाहुण्यांसमोर तिला पळवून मी टाळ्या घेतल्या. ती जीव मुठीत धरून पळायची आणि मला वाटायचं गंमत चाललीय."

ताईने अंडं सोलून आणलं, अर्धं पुट्टीला दिलं आणि अर्धं भावोजींच्या हातावर ठेवलं. एकतीस वर्षांत मी किती पोरांना पलंगाखाली पाठवलं असेल, असं उगाच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे भुलीच्या इंजेक्शनची बाटली ट्रेमध्ये काढून ठेवलेली होती. ती आम्हा तिघांनाही एकदमच दिसली. बाईंनी पुट्टीचे केस पाहिले आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "कोणी केलं हे?" पण टेबलावर ठेवल्यापासून पुट्टीची थरथर सुरू झाली होती, आणि बाईंनी काखेला हात लावताच ती किंचाळली. बाईंची नजर ट्रेकडे गेली.

"मी खाली बसू का?" भावोजींनी विचारलं.

"म्हणजे?"

उत्तर न देता ते दवाखान्याच्या फरशीवर बसले, पाठ भिंतीला लावली आणि खिशातून ब्रश काढला. ताईने पुट्टीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. भावोजींनी मानेपासून शेपटीपर्यंत ब्रश ओढला. पुन्हा ओढला. डॉक्टरीणबाई हुशार, काही न विचारता त्याही फरशीवर मांडी घालून बसल्या. सात-आठ हात झाल्यावर पुट्टीची थरथर कमी झाली आणि तिने अंग सैल सोडलं. बाईंनी बोथट टोकाची कात्री अलगद काखेत सरकवली. पुट्टी एकदा गुरगुरली. कात्री थांबली, ब्रश चालू राहिला. पुन्हा कात्री. एक कच्च, दोन कच्च, आणि तो अक्रोड बाईंच्या तळहातावर आला.

"झालं," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी ट्रेमधली बाटली कपाटात ठेवली आणि कपाट बंद केलं. मग परत खाली बसून पुट्टीची छाती ऐकली. "आवाज आहेच. तो राहणार, औषध देते. पण गेल्या वेळेसारखी धडधड नाही."

"मी ऐकू का?" भावोजी म्हणाले.

बाईंनी नळ्या त्यांच्या कानात घातल्या. भावोजी ऐकत राहिले. इतका वेळ ऐकत राहिले, की बाहेर पिंजरा घेऊन बसलेला पोपटवाला दारातून डोकावला.

"काय ऐकू येतंय?" ताईने विचारलं. "अहो, सांगा ना!"

भावोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात ब्रश, दुसऱ्याखाली पुट्टी. "चालू आहे," ते म्हणाले. "चालू आहे गं."

ताईचे गुडघे धरलेले असतात. तरी ती कण्हत कुंथत त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. "द्या इकडे. तुमच्या एकट्याची नाही ती."

भावोजींनी ब्रश खाली ठेवला, एक नळी आपल्या कानातून काढून तिच्या कानात घातली. डोक्याला डोकं लावून दोघं ऐकत बसले आणि पुट्टी मधे घोरायला लागली. पोपटवाला मोठ्याने खोकला आणि म्हणाला, आमचा नंबर कधी येणार. मी बाहेर जाऊन त्याला एकतीस वर्षांच्या आवाजात खाली बसवलं, आणि दार ओढून घेतलं.